मनाचाही सराव लागतो

खेळात शरीर कमवावे लागते, हे सर्वांना पटते. मन कमवावे लागते, हे मात्र पटकन पटत नाही. मुलगा सामन्यात घाबरला की ‘त्याच्यात दमच नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. क्रीडा-मानसशास्त्र सांगते, की धीर, एकाग्रता आणि सोबत्यावरचा विश्वास ही कौशल्ये आहेत. ती सरावाने येतात. हा सराव कसा असतो हे पाहायचे तर आम्ही २००० सालचा ‘रिमेम्बर द टायटन्स’ हा अमेरिकन चित्रपट सुचवू. तो सत्य घटनेवर बेतलेला आहे.

साल १९७१. व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया शहर. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल १९५४ सालीच लागला होता, पण मने दुभंगलेलीच होती. त्या वर्षी शहरातील तीन हायस्कूलचे वरचे वर्ग टी. सी. विल्यम्स या एकाच शाळेत आणले गेले. फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले कृष्णवर्णीय हर्मन बून. अमेरिकन फुटबॉलमध्ये एक जण लांबट चेंडू घेऊन पळतो आणि सोबती अंगाने प्रतिस्पर्ध्यांना अडवून त्याची वाट मोकळी करतात. सोबत्याने अंग चोरले की पळणारा आपटलाच!

चित्रपटातील बून एकीवर व्याख्यान देत थांबत नाहीत, नियम करतात. सराव शिबिरात काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका खोलीत ठेवतात. दुसऱ्या वर्णाच्या सोबत्याचे घर, आईवडील, आवडीनिवडी विचारून यायच्या. तोवर दिवसाला तीन वेळा सराव! ओळखीतून विश्वास येतो, तो असा.

मग ज्युलियस हा काळा खेळाडू गोऱ्या कप्तानाला, गेरीला, तोंडावर विचारतो : तुझे गोरे मित्र आमच्या खेळाडूसाठी अडवणूक करत नाहीत, तू गप्प का? हा प्रश्न गेरीला लागतो. पुढे तो स्वतःच्या जुन्या मित्रालाही जाब विचारतो. स्पष्ट बोलणे हेही कौशल्यच. सामन्यापूर्वी सारा संघ गात, नाचत मैदानात उतरतो. ठरलेल्या रिवाजाने धडधड आवरते, लक्ष खेळावर येते.

आम्हाला सर्वांत भावला तो लुई. ‘मी काही हुशार नाही, कॉलेजात जाणार नाही,’ असे तो धरूनच चालतो. बून त्याला दर आठवड्याला गुण दाखवायला सांगतात. मोठे स्वप्न आठवड्याच्या हिश्श्यांत वाटून दिले, की ते पेलते.

मात्र चित्रपटातील सारेच उचलू नये. सरावात मुलांना पाणी नाकारणे हा कणखरपणा नव्हे; उन्हात ते जिवावर बेतते. काही प्रसंग बदललेलेही आहेत. गेरीचा मोटार अपघात अंतिम सामन्याआधी दाखवला आहे. प्रत्यक्षात तो हंगाम संपल्यावर झाला. अंतिम सामनाही चुरशीचा नव्हता. संघाने तो २७-० असा जिंकला. त्या हंगामातले तेराही सामने त्यांनी जिंकले, हे मात्र खरे.

आईवडिलांनी मुलांसोबत हा चित्रपट जरूर पाहावा. मुलगा किंवा मुलगी ‘मला जमणार नाही’ म्हणाली, तर रागावू नका. या आठवड्यात काय जमवायचे, एवढेच विचारा. आणि शनिवारी त्याची चौकशी करायला विसरू नका.