रंगभवन ते रेसकोर्स

‘मुंबईत आता कुठे लाइव्ह म्युझिकला बरे दिवस आलेत’ हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन कार्यक्रम केले, मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस येऊन गेले, आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’. माझ्या भाच्याने कोल्डप्लेच्या एका तिकिटाला जेवढे मोजले, तेवढ्यात आम्ही पूर्वी अख्खा कार्यक्रम उभा केला असता, वर ड्रमरला टॅक्सीने घरी धाडलं असतं. हे त्याला ऐकवलं तर म्हणाला, “मावशी, पण तुमचे बँड ऐकायला यायचं कोण?”

चारशे माणसं यायची. कधी चाळीस. पण दर आठवड्याला तीच यायची. या ऑगस्टमध्ये लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा क्लब बंद होऊन दहा वर्षं होतील, त्या निमित्ताने त्या चाळिसांबद्दल चार शब्द लिहावेत म्हटलं.

त्याआधीचा इतिहास मी झटपट उरकते, कारण तो सांगणारे पुष्कळ आहेत आणि सगळे एकच सांगतात. सत्तरच्या सुरुवातीला एका सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धा, १९८४ साली निघालेलं रॉक मशीन, १९९३मध्ये त्याचं झालेलं इंडस क्रीड. असो. यातलं एकच नाव आमच्या घरात चालायचं, ते नंदू भेंडे यांचं. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ते जुडास होते, पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तही होते, पण आमच्याकडे महत्त्व या कशालाच नव्हतं. आत्माराम भेंड्यांचा मुलगा रॉक गातो म्हणजे त्यात अगदीच वाया जाण्यासारखं काही नसावं, एवढ्या एका तर्कावर मला रात्री दहानंतर बाहेर राहायची परवानगी मिळाली.

ती मी साधारण १९९८ ते २००८ अशी दहा वर्षं वापरली.

धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे रंगभवन नावाचं राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह आहे. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा इथे भरली आणि १९८६पासून फरहाद वाडियांचं ‘इंडिपेंडन्स रॉक’, म्हणजे आमचं आय-रॉक. काळे टीशर्ट, घामाचा वास, आणि बायका इतक्या कमी की नवीन कोणी दिसली तर आम्ही एकमेकींना नावं विचारायचो. कार्यक्रम होणाऱ्या दुसऱ्या एका ठिकाणी तर बायकांच्या स्वच्छतागृहात ड्रमच्या पेट्या ठेवत. “तुम्ही दोघीच तर आहात,” असं उत्तर मिळालं होतं.

रंगभवनचे प्रेक्षक प्रेमळ होते, असं आता सगळे सांगतात. कसले प्रेमळ! बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून ओरडा व्हायचा, मेटालिका वाजवा, मेडन वाजवा. कॉलेजांच्या स्पर्धांमध्येही तीच तऱ्हा, हुबेहूब नक्कल करील त्याला बक्षीस. अशा ओरड्यात पेंटाग्राम, झीरो यांनी स्वतःची गाणी रेटून नेली आणि लोकांना ती पाठ करायला लावली, हे मला त्यांच्या वादनापेक्षा मोठं वाटत आलंय. पुढे डेमॉनिक रेझरेक्शन आलं, २००३मध्ये भयानक मौत आलं. ‘भयानक मौत’ ऐकायला चाललेय असं सांगितल्यावर आईने काही न बोलता देवापुढे दिवा लावला होता.

मी काही वाजवत नव्हते. मी दारावर बसायचे. पैसे घ्यायचे, सुट्टे द्यायचे आणि मनगटावर शिक्का मारायचा. शिक्का वडिलांच्या ऑफिसातून आणलेला, जांभळ्या शाईचा: ‘रक्कम मिळाली’. ज्यांना रक्कम न देता आत जायचं असे त्यांची यादी वेगळी आणि कायम लांब. आज ‘ते दिवस राहिले नाहीत’ म्हणून हळहळणाऱ्यांपैकी निम्मे त्या यादीत होते. शंभर रुपयांचं तिकीट होतं हो! बिअरला पैसे असायचे.

ज्या बँडबरोबर माझं उठणं-बसणं होतं, तो काही मोठा नव्हता; नाव सांगून तुम्हाला कळणार नाही. ड्रमर डोंबिवलीचा, बेसवाला लालबागचा, गिटारवाला वांद्र्याच्या एका गावठाणातला कॅथलिक. गाणी इंग्रजीत, भांडणं मराठीत, आणि गिटारवाल्याला वगळायचं नाही म्हणून समेट हिंदीत. जॅमरूमच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, त्यानेही आवाज अडायचा नाही. शेजारचे काका येऊन विचारायचे, “यंदा गणपती लवकर का?” तासावर भाडं असल्यामुळे कोणी पाच मिनिटं उशिरा आला तरी महिनाभर ऐकून घ्यायचा.

बेसच्या तारांचा नवा संच परवडायचा नाही. तारा वाजवून वाजवून बोटांच्या घामाने, मळाने मेल्या, आवाज बसला, की त्या काढून उकळत्या पाण्यात टाकायच्या. मळ सुटतो आणि थोडे दिवस तारा पुन्हा खणखणीत वाजतात. लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत एका शेगडीवर भात आणि दुसरीवर पातेल्यात बेसच्या चार तारा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या आईने झाकण उचलून पाहिलं आणि विचारलं, “शेवया आणल्यास का रे?” मग स्वतःच चिमट्याने तारा बाहेर काढून जुन्या टॉवेलवर नीट पुसून दिल्या. मुलाचं गाणं तिला कधीच आवडलं नाही.

शेवटच्या लोकलचं गणित कार्यक्रमाच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं असायचं. सिंबलची बॅग, पेडल आणि ड्रमर मालडब्यात चढायचे, कारण बाकी कुठे ते मावत नसत. जुहू तारा रोडवरच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनॉसरस’मध्ये वाजवलं की शेवटची गाडी चुकणार हे धरूनच चालायचं. मग पहिल्या गाडीपर्यंत भुर्जीपाव आणि वाद. वाद नेहमी एकच: लग्नात वाजवायचं की नाही. गिटारवाला वाजवायचा, त्यामुळे अँप्लिफायर फक्त त्याच्याकडे होता. बाकीचे त्याला विकलेला म्हणायचे आणि त्याचाच अँप्लिफायर वापरायचे.

पैशांचं म्हणाल तर उपनगरातल्या एका पबमालकाने चार महिने वाजवून घेतलं आणि हिशेबाच्या वेळी सांगितलं, “दारू किती खपली ते बघून देऊ.” ते बघणं अजून चालू असावं.

मग आवाज बंद झाला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात आला. रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स, आसपास कामा आणि जी. टी. रुग्णालय, वाचणार कुठून? आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानात गेलं. कामामधल्या बाळंतिणीची झोप आमच्या ड्रमपेक्षा मोलाची, हे मला तेव्हाही मान्य होतं. पण त्याच नियमांत सण-उत्सवांसाठी वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत सूट द्यायची सोय आहे. शांतता क्षेत्राला ती लागू नाही, ठाऊक आहे. तरी आमच्या गल्लीत डीजेची भिंत उभी राहते तेव्हा समोरच्या प्रसूतिगृहापासून १०० मीटर मोजायला फीत घेऊन आलेला सरकारी माणूस मी अजून पाहिलेला नाही. रंगभवन बंद करणाऱ्यांनी त्याच भाड्यात दुसरी जागा दिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. दिली नाही. मध्यंतरी तिथे मराठी भाषा भवन उभारायचं घाटत होतं; तेही शेवटी चर्नी रोडला गेलं. म्हणजे ना रॉक, ना मराठी.

ब्लू फ्रॉग उघडलं डिसेंबर २००७मध्ये, ना. म. जोशी मार्गावरच्या मथुरादास मिलच्या आवारात. आशुतोष फाटक, ध्रुव घाणेकर अशा वाजवणाऱ्यांनीच काढलेलं, त्यामुळे स्टेजवर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणं ही चैन आमच्या पोरांनी तिथे पहिल्यांदा अनुभवली. मानधन वेळेवर. पण बसायला गोल गोल कप्पे होते आणि कप्प्यात बसायचं तर जेवण मागवावं लागे. बेसवाल्याने पहिल्या कार्यक्रमाचा पास वडिलांना दिला. ते त्याच पट्ट्यातल्या एका गिरणीत होते, ८२च्या संपानंतर घरी बसलेले. “गिरण्या आतून बघितल्यात मी,” एवढंच म्हणून त्यांनी पास परत केला.

त्यानंतरची वर्षं भरभर गेली आणि खरं सांगायचं तर मला त्यांत फारसा रस नाही. २००८च्या ‘रॉक ऑन’नंतर आमच्या सोसायटीतल्या काकू मला ‘तुमचं ते रॉक’ विचारू लागल्या. २०१०मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर सुरू झाला. बँडना मोठं स्टेज मिळालं हे चांगलंच, पण वर्षाचं एकदम दोन-तीन दिवसांत ऐकून घ्यायची सवय लागली आणि मंगळवारी रात्री कोणा अनोळखी बँडला ऐकायला निघणारी माणसं आटली. अलाहाबादहून १९९३मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढून गावोगावच्या बँडना एकमेकांची खबर देणारे अमित सैगल २०१२च्या जानेवारीत गोव्याच्या समुद्रात बुडाले. २०१६ साली काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान मिटलं, ऑगस्टमध्ये ब्लू फ्रॉग. ऱ्हिदम हाउसची जागा पुढे नीरव मोदीच्या कंपनीने घेतली आणि मग ती जप्तीत अडकली.

आमच्या पिढीचा लाडका सिद्धांत असा की नंतरच्या पोरांनी संगीताची वाट लावली, रॅप म्हणजे नुसतं बोलणं. हे मला अजिबात मान्य नाही. आमचे बँड कधी न पाहिलेल्या हायवेंवर इंग्रजीत गाणी करत होते. ‘स्वदेसी’ या रॅप गटाच्या पोरांनी मराठी, गुजराती, हिंदी जशी तोंडात होती तशी माइकवर आणली, २०१९मध्ये आरेतल्या प्रकाश भोईरांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. त्यांच्यातला एमसी तोडफोड, धर्मेश परमार, २०२२मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला, तेव्हा आमच्यातल्या कितींना ते कळलंही नाही. लालबाग आणि डोंबिवली दोन्ही घरात असून आमच्या बँडने दहा वर्षांत एक ओळ मराठीत गायली नाही. गिटारवाल्याला वगळायचं नव्हतं, हे कारण काही पटण्यासारखं नाही. त्याला आमच्यापेक्षा चांगलं मराठी यायचं.

तो गिटारवाला आता मेलबर्नला असतो आणि ऑगस्टमध्ये येतोय. म्हणून एक संध्याकाळ वाजवायचं ठरतंय, जागा शोधायचं काम माझ्याकडे. तीन ठिकाणी फोन झाले. एकाने विचारलं, इन्स्टाग्रामवर किती फॉलोअर्स? दुसऱ्याला फक्त हिंदी सिनेमाची गाणी हवीत. तिसरं रूफटॉप आहे: दोन लाखांचं किमान बिल, साडेनऊला आवाज बंद आणि ड्रम चालणार नाहीत, कहोन म्हणजे बसून बडवायचा लाकडी खोका आणा. हे मी सगळ्यांना कळवलं. बेसवाल्याचं म्हणणं, मिळतंय ते घ्या, बसायला खुर्च्या तरी असतील. ड्रमरने लिहिलंय, “खोका बडवायला मी डोंबिवलीहून येणार नाही.” रविवारपर्यंत मतं मागवली आहेत. माझं मत ड्रमरला.