हृदयाभोवतीचे पाणी

कर्करोग म्हटला म्हणजे घसा, स्तन, फुप्फुस, गर्भाशय अशा अवयवांची नावे आपल्या मनात येतात. हृदयाचा कर्करोग सहसा कोणी ऐकलेला नसतो. आणि खुद्द हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी खरोखरच अत्यंत दुर्मिळ आहेत. परंतु अन्य अवयवात जन्मलेला कर्करोग पसरत पसरत हृदयापर्यंत पोचणे ही गोष्ट तितकी विरळा नाही. हृदयात मूळ असलेल्या गाठींच्या मानाने अशा दुय्यम गाठी निदान वीसपट तरी अधिक आढळतात, असे शवविच्छेदनांवरून दिसून आले आहे.

1889 साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने कर्करोगाच्या पेशीला बीजाची आणि अवयवाला भूमीची उपमा दिली. बी चहूकडे उडते, पण रुजते ते अनुकूल भूमीतच. हृदय ही अशा बीजाला फारशी मानवणारी भूमी नव्हे. तेथील स्नायू क्षणभरही विसावत नाही आणि रक्ताचा ओघही वेगवान. तेव्हा पेशीला मूळ धरण्यास उसंत मिळत नाही, असा तर्क केला जातो. तरीही वाटा आहेतच. फुप्फुसाचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग शेजारधर्माने सरळ आत शिरतो. स्तनाचा कर्करोग बहुधा लसिकावाहिन्यांतून येतो, तर मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग रक्तावाटे येतात. मूत्रपिंडातील गाठ कधीकधी मोठ्या शिरेतून वर चढत हृदयाच्या उजव्या कप्प्यात डोकावते.

या आक्रमणाचा पहिला आघात पुष्कळदा हृदयाच्या स्नायूवर नव्हे, तर त्याच्या वेष्टनावर होतो. हृदय एका दुपदरी पिशवीत बसलेले असते. तिला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांमध्ये 15 ते 50 मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन ते दहा चमचे, द्रव असतो. कर्करोग येथे पोचला की द्रव अधिक पाझरू लागतो आणि त्याचा निचराही तुंबतो. पाणी सावकाश वाढले तर पिशवी ताणली जाते आणि लिटरभर पाणीही काही काळ सामावून घेते. तेच झपाट्याने वाढले तर दोनशे मिलिलिटरही प्राणावर बेतू शकतात. बाहेरच्या दाबामुळे हृदयाचे कप्पे नीट भरत नाहीत. आणि जे भरलेच नाही ते पुढे काय ढकलणार? अशा वेळी हृदयाचा स्नायू पुष्कळदा धडधाकट असतो, पण तो कोंडलेला असतो.

रोग्याला धाप लागते, आडवे पडले की ती वाढते, नाडी जलद चालते, पाय सुजतात. क्लॉड बेक या अमेरिकन शल्यवैद्याने 1935 साली तीन खुणा सांगितल्या: रक्तदाब उतरणे, मानेच्या शिरा फुगणे आणि हृदयाचे ठोके मंद ऐकू येणे. परंतु या तिन्ही खुणा प्रत्येक रोग्यात एकत्र दिसतातच असे नाही. म्हणून आज भिस्त आहे ती ध्वनिलहरींच्या तपासणीवर. स्वीडनमधील लुंड येथे 1953 साली एडलर आणि हर्ट्झ यांनी तिचा पाया घातला. आपल्याकडे ती 'एको' या नावाने परिचित आहे. रोग्याच्या खाटेपाशी, काही मिनिटांत, कसलीही वेदना न देता ती हृदयाभोवतीचे पाणी दाखवते.

पाणी दिसले आणि त्याचा दाब हृदयावर पडत असला, तर एकोच्या साहाय्याने छातीतून सुई घालून ते काढता येते. थोडेसे पाणी निघताच रोग्याला मोकळा श्वास घेता येतो, असा अनुभव आहे. ते पुन्हा साचू नये म्हणून काही दिवस बारीक नळी ठेवतात किंवा पिशवीला छोटी खिडकी पाडतात.

हे निदान वेळेवर होण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कर्करोगावरील काही औषधांनीही हृदयाचा स्नायू दुबळा होतो; धाप आणि सूज तेथेही असतेच. त्यावर लघवी वाढवणारी औषधे उपयोगी पडतात. हृदय पाण्याने कोंडलेले असताना मात्र त्याच औषधांनी रक्तदाब आणखी घसरण्याचा धोका असतो. लक्षणे सारखी, पण उपचार भिन्न.

श्रोतेहो, येथे खोटी आशा दाखवणे उचित होणार नाही. हृदयापर्यंत पोचलेला कर्करोग बहुधा पुढच्या टप्प्यातला असतो आणि पाणी काढल्याने तो बरा होत नाही. लसिकाग्रंथींच्या किंवा रक्ताच्या कर्करोगात औषधांचा गुण कधीकधी चांगला येतो. इतरत्र उरलेला काळ पुष्कळदा महिन्यांतच मोजावा लागतो. परंतु ते महिने उशीला टेकून धापा टाकीत काढणे आणि घरच्या माणसांशी चार शब्द बोलत काढणे, यांत अंतर फार मोठे आहे. कर्करोगाच्या रोग्याला धाप लागली की 'आता अशक्तपणा यायचाच' असे म्हणून घरातली माणसे गप्प बसतात. तसे न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि हृदयाभोवती पाणी आहे काय, एवढे अवश्य विचारावे.