वृषण खाली उतरले नाही तर वाट किती पाहायची?

गेल्या आठवड्यात महागावजवळच्या एका खेड्यातून एक आजी सात वर्षांच्या नातवाला तापासाठी घेऊन दवाखान्यात आल्या. पोट तपासताना लक्षात आले, उजव्या बाजूची पिशवी रिकामी आहे. विचारले तर आजी शांतपणे म्हणाल्या, "ते जन्मापासूनच तसं हाये डाक्टरसाहेब. मोठा झाला की उतरते आपोआप." मुलाची आई मागे मान खाली घालून उभी होती. तिला सारे ठाऊक होते, पण असले बोलायचे कुणाजवळ?

आजींना दोष देण्याचा मला अधिकार नाही. आम्ही शिकलो तेव्हा पाच-सहा वर्षांपर्यंत थांबण्याची पद्धत होती. सुरुवातीला मीही कित्येक आईबापांना "शाळेत घालण्याआधी बघू" म्हणून परत पाठवले आहे. आज तसे सांगणार नाही.

वृषण, म्हणजे बोलीत आपण ज्याला गोटी म्हणतो, ते गर्भात असताना पोटात तयार होते आणि जन्माआधी जांघेतून खाली पिशवीत येते. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत सुमारे तिघांचे वृषण वरच राहते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच जास्त असते. त्यांतील बहुतेकांचे पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उतरते. सहा महिने उलटल्यावर मात्र आपोआप उतरण्याची आशा फारशी नसते. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजावेत.)

पिशवीत शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंडावा असतो, आणि वृषणाला तोच मानवतो. वर उबेत राहिलेल्या वृषणातील, ज्यांच्यापासून पुढे शुक्रजंतू व्हायचे, त्या पेशी पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच घटू लागतात. म्हणून शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करावी. पुढे कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील अभ्यासात, तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका सर्वसाधारण पुरुषांच्या सुमारे दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक आढळला. हा रोग मुळात विरळ आहे, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण उशीर झाला म्हणून शस्त्रक्रिया सोडूनही देऊ नये.

घरी पाहायचे तर बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घातल्यावर, ऊबदार हातांनी पाहावे. थंडीत किंवा रडताना काही मुलांची गोटी वर ओढली जाते आणि नंतर खाली येते. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र दरवर्षी तपासून घ्यावे. नवजात बाळाच्या दोन्ही गोट्या लागत नसतील, तर एक दिवसही न थांबता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

लक्षात ठेवायला लसीकरणाचे कार्ड उत्तम. साडेतीन महिन्यांच्या लसीला नर्सबाईंना पिशवी पाहायला सांगा. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीपर्यंतही गोटी उतरली नसेल, तर सर्जनला दाखवा. भूल देऊन जांघेत लहानसा छेद घेतात, वृषण खाली आणून पिशवीत टाके घालून बसवतात. बहुतेक मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. इंजेक्शनने उतरवण्याच्या भानगडीत पडू नका. त्याची आता शिफारस केली जात नाही. सोनोग्राफीचाही बहुधा उपयोग नसतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर अंगणवाडीत मुले तपासायला येतात. त्यांना लाज न बाळगता सांगावे.

आजींना मी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी विचारले, "लेकरंबाळं होतीन नं याले?" एक बाजू चांगली असली तर बहुधा होतात, असे मी सांगितले. तेव्हा कुठे आई पहिल्यांदा बोलली. धाकटा दहा महिन्यांचा आहे, त्याचेही तसेच आहे. त्याला दुसऱ्याच दिवशी घेऊन यायला सांगितले.