गदेच्या आधीची कुस्ती

महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा एका कुस्तीत जिंकली जाते. ती कुस्ती कोण लढणार, हे मात्र आधीच्या दोन कुस्त्यांत ठरते. स्पर्धेचे माती आणि गादी असे दोन विभाग आहेत. दोन्हींकडे ८६ ते १२५ किलोच्या केसरी गटाच्या फेऱ्या वेगळ्या होतात आणि दोन विभागांचे विजेते किताबासाठी समोरासमोर येतात. ही लढत हरणारा उपमहाराष्ट्र केसरी म्हणवला जातो. विभागाच्या अंतिम कुस्तीत हरलेल्याला पदक मिळते, पण त्याच्या नावामागे किताब लागत नाही. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून या किताबाचे मोल गावोगावच्या फडांत मोजले जात आले आहे. म्हणूनच विभागाच्या अंतिम कुस्तीचे वजन किताबाच्या कुस्तीहून कमी धरता येत नाही.

भीमेकाठच्या मांडवगण फराट्याचा पैलवान या वाटेला लागतो तो पुणे जिल्ह्याच्या निवड चाचणीतून. नदीपलीकडच्या दौंड तालुक्याचा पैलवानही त्याच चाचणीला उतरतो, आणि शिरूर, खेड, मुळशी, इंदापूर, बारामतीचेही. पुणे शहराचा संघ वेगळा असला, तरी जिल्ह्याच्या संघात एका विभागातून एका वजनाला एकच जागा असते. तालमींनी गजबजलेल्या जिल्ह्यात ही जागा मिळवणे राज्याच्या पहिल्या फेऱ्यांपेक्षा अवघड जाते. त्यामुळे चांगले मल्ल दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरतात. खेड तालुक्यातला शिवराज राक्षे नांदेडकडून लढला, मोहोळचा सिकंदर शेख वाशिमकडून, अकोले तालुक्यातला हर्षवर्धन सदगीर नाशिककडून. यातून गुणी मल्लाला दार उघडते हे खरे, पण नांदेड-वाशिमच्या तालमीत घाम गाळणाऱ्या पोराची जागा जाते, हेही तितकेच खरे आहे.

माती निवडायची की गादी, हा दुसरा पेच. मातीत दम आणि पकड लागते, गादीवर चपळाई आणि गुणांचा हिशेब. अलीकडे किताबाची कुस्ती गादीवर होते, म्हणजे मातीचा विजेता दुसऱ्याच्या अंगणात लढायला जातो. शिवाय दोन तुल्यबळ मल्ल एकाच विभागात आले, तर त्यांतला एक किताबाच्या कुस्तीआधीच बाहेर पडणार, हे ठरलेलेच असते. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीला उलटे घडले. सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके हे वस्ताद काका पवारांच्या एकाच तालमीचे मल्ल वेगवेगळ्या विभागांतून वर आले आणि किताबासाठी एकमेकांशी भिडले. सदगीरने निसटत्या गुणांनी बाजी मारली.

विभागाच्या अंतिम कुस्तीत पंचांचा एक निर्णय किती लांब पोहोचतो, हे २०२३ च्या जानेवारीत पुण्यात कोथरूडला दिसले. माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांची गाठ पडली. महेंद्रने मारलेल्या बाहेरच्या टांगेला पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती त्याच्याकडे झुकली. ते चार गुण रास्त होते का, यावर तालमी-तालमींत कितीतरी दिवस वाद चालला. पुढे किताबाच्या कुस्तीत राक्षेने महेंद्रला मिनिटभरातच चितपट केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, मांडवगणच्या वरच्या अंगाला भीमेकाठीच असलेल्या फुलगावात सिकंदर माती विभागातून वर आला आणि राक्षेला काही सेकंदांत आस्मान दाखवून केसरी झाला. यावरून जानेवारीचा निर्णय चुकीचा होता असे सिद्ध होत नाही. पण चार गुणांवर एका मल्लाचे वर्ष अडते, हे कुणी नाकारू शकत नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला हाच ताण फुटला. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. पाठ टेकलीच नाही असे राक्षेचे म्हणणे होते. रागाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. किताबाच्या कुस्तीत महेंद्र गायकवाडने काही सेकंद उरले असताना आखाडा सोडला आणि मोहोळ केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. पंचांवर हात किंवा पाय उचलणे अक्षम्यच आहे. पण ज्या कुस्तीवर एवढे अवलंबून असते, तिथे चित्रफीत पुन्हा पाहून निर्णय देण्याची पद्धत पक्की आणि सर्वांना मान्य असलीच पाहिजे.

या निकालांचा खरा हिशेब जत्रांच्या हंगामात होतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा कमिट्या इनामी कुस्त्या ठरवतात. लहान कुस्त्यांच्या जोड्या फडावरच लागतात. शेवटच्या मानाच्या कुस्तीचे मल्ल मात्र आधी बोलावलेले असतात. वस्तादांचा शब्द, गर्दी खेचण्याची ताकद आणि नावामागचा किताब पाहून इनाम ठरते.

आमंत्रणाची मानाची कुस्ती आणि तिच्याआधी विभागाची अंतिम कुस्ती, अशीच रचना अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये आहे. हंगामाअखेरचे ‘बाऊल’ सामने आमंत्रणाने ठरत आले, आणि त्याआधी संघांच्या गटांचे अजिंक्यपदाचे सामने होऊ लागले. दक्षिणेकडच्या एसईसी गटाने असा सामना १९९२ मध्ये सुरू केला. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराही सामने जिंकून गटविजेता झाला, तरी निवड समितीने त्याला राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी खेळणाऱ्या चार संघांत घेतले नाही. जॉर्जियाला हरवून एसईसी जिंकलेल्या अलाबामाला घेतले. २०२४ मध्ये हे संघ बारा झाले आणि क्रमवारीत वरच्या पाच गटविजेत्यांना जागा राखीव ठेवली गेली. तिथे समितीचे मत आणि मैदानावरचा निकाल यांची ओढाताण असते. महाराष्ट्र केसरीत विभाग जिंकणाऱ्याला किताबाच्या कुस्तीपासून कुणी अडवू शकत नाही. ही आपल्या पद्धतीची जमेची बाजू आहे.

ती बाजू कुस्ती संघटनेतल्या फुटीने कमकुवत केली आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावनंतर दहा दिवसांत संघटनेच्या दुसऱ्या गटाची स्पर्धा धाराशिवला झाली आणि तिथे राक्षे केसरी ठरला. २०२५ मध्येही अहिल्यानगरपाठोपाठ मार्चमध्ये कर्जतला दुसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळकेने गदा उचलली. एका वर्षात दोन केसरी झाले, की यात्रा कमिटीला फलकावर दोघांच्याही नावांमागे तोच किताब छापावा लागतो, आणि दोघांची जोड लागेपर्यंत खरा केसरी कोण, हे फडात ठरत नाही.