खोक्यासकट फळ

पिंपरीची मंडई असो की चाकणमधली हातगाडी, सफरचंद एकटं कधीच येत नाही. त्याच्याबरोबर पुठ्ठ्याचं खोकं येतं, फोमची पांढरी जाळी येते, सालीला चिकटलेलं चकचकीत लेबल येतं. चित्राला बसलं की आपण आधी हे सगळं बाजूला काढतो. फळ पुसायचं, मागे कापड सोडायचं, शेजारी तांब्या मांडायचा. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांचा हात या वस्तुचित्रावर घडवला, आणि त्या शिस्तीबद्दल मला आदर आहे. पण भोसरीपासून चाकणपर्यंत खोकी बनवणारे कारखाने आणि ती रद्दीत घेणारी भंगाराची दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. इथल्या फळाचं चित्र खोक्यासकट व्हावं, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी मिश्र माध्यम हाताशी आहे, म्हणजे एकाच चित्रात जलरंग, कोळसा, खडू आणि चिकटवलेला कागद.

ही वाट फळांच्या चित्रातूनच निघाली आहे. १९१२ साली पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेलं ऑइलक्लॉथ कॅनव्हासवर चिकटवलं आणि चित्राभोवती चौकट म्हणून दोर गुंडाळला. त्याच वर्षी चित्रकार ब्राकने फ्रान्समधल्या आविन्याँच्या एका दुकानातून लाकडाच्या रेषा छापलेला वॉलपेपर आणला, त्याचे तुकडे कागदावर चिकटवले आणि कोळशाने द्राक्षं, फळांचं भांडं व ग्लास रेखाटला. दोघांनीही उचलला तो कारखान्यात छापलेला साधा माल. आपल्याकडे १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले के. एच. आरा वस्तुचित्रांसाठी ओळखले जातात. जलरंग पातळच वापरायचा हा दंडक त्यांनी मानला नाही. तैलरंगासारखा जाड थर देऊन त्यांनी फुलं-फळं रंगवली.

आता प्रत्यक्ष कामाकडे. साधा कार्ट्रिज पेपर पाणी आणि गोंद पिऊन फुगतो, म्हणून ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद किंवा प्लायचा तुकडा घ्या. खोक्याचा पुठ्ठा तसाच चिकटवू नका. त्याचे थर स्टार्चच्या खळीने जोडलेले असतात आणि ही खळ पाण्याने सुटते. ओला स्पंज फिरवून थोडं थांबलं की वरचा कागद सोलून निघतो आणि आतल्या नागमोडी घड्या उघड्या पडतात. तुकडा पूर्ण वाळू द्या, मग पातळ केलेल्या फेव्हिकॉलने चिकटवा. फळामागची जमीन तयार झाली.

सीताफळ हे या पद्धतीसाठी सगळ्यात छान फळ. सासवडकडचं फळ पिकायला लागलं की त्याचे डोळे उघडतात आणि दोन डोळ्यांमधल्या भेगा पिवळसर पांढऱ्या दिसतात. त्या भेगा आधी पांढऱ्या मेणबत्तीने दाबून ओढा आणि वरून हिरवा जलरंग सोडा. मेणावर पाणी ठरत नाही. भेगा कोऱ्या राहतात, डोळे तेवढे रंगतात. ब्रशने एकेक भेग टाळत बसलं, तर हा सैलपणा येत नाही. फोमची जाळीही फेकू नका. तिच्यावर घट्ट रंग लावून कागदावर दाबली की चौकटींचा ठसा उठतो. सफरचंदावर जाळी चढवायची ती अशी.

क्रम मात्र पाळावा लागतो. पुठ्ठ्याची जमीन झाली की आधी पाण्याचे रंग, मग बाकीचं चिकटवायचं ते, तेलकट खडू शेवटी. खडू आधी फिरवला तर त्यावर ना रंग धरतो ना गोंद. मेणबत्तीचा अपवाद आपण मुद्दाम केलेला असतो.

एवढं करूनही बरीच चित्रं फसतात, कारण चिकटवलेले तुकडे आणि रंगवलेली फळं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांना जोडते सावली. खोलीतली ट्यूबलाइट बंद करून एका बाजूने एकच दिवा लावा आणि फळाची सावली कोळशाने थेट पुठ्ठ्यावर ओढा. कोळसा घडीच्या उंचवट्यांवर बसतो, खाचा मोकळ्या राहतात. सावली पट्ट्यापट्ट्यांची होते आणि पुठ्ठा फळाखाली खरोखर पसरलेला वाटतो. लेबल लावायचं तर एकच लावा, तेही फळाच्या गोलाईप्रमाणे मुरडून. दहा लेबलं लावली की चित्राची नुसती चिकटवही होते.

केळं मांडलं असेल तर ते आधी रंगवा. ते लवकर काळवंडतंच, शिवाय त्यातून निघणारा इथिलीन वायू शेजारच्या सीताफळालाही घाईने पिकवतो, आणि दुसऱ्या दिवशी मांडणीतला आकार बदललेला असतो. वर्तमानपत्राचा कागद आणि पुठ्ठा दोन्ही उजेडाने रंग बदलतात, त्यामुळे चित्र खिडकीसमोर टांगू नये. फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये पट्टी घालून घ्या. काच टेकली की कोळसा तिलाच चिकटतो.