हजारावर हजार फ्री? आधी पस्तीसचा पाढा म्हणा

'पहिल्या डिपॉझिटवर १०० टक्के बोनस! हजार भरा, दोन हजारांनी खेळा.' फुकटच्या साइटवर पिक्चर बघताना किंवा टेलिग्रामच्या कुठल्यातरी ग्रुपवर ही जाहिरात तुम्हाला दिसली असेलच. आपल्या कट्ट्यावरच्या कुणीतरी ती ट्रायही केलेली असते. 'अकाउंटला आठ हजार दिसतायत रे, पण निघतच नाहीयेत,' हे वाक्य मग त्याच्याकडूनच ऐकायला मिळतं. सपोर्टच्या चॅटवर तासभर वाद घातला की उत्तर येतं, 'सर, तुम्ही बोनसच्या अटींचा भंग केला आहे. रक्कम रद्द.'

ऑनलाइन कॅसिनो आणि खेळणारे यांच्यातली बरीच भांडणं याच वाक्यापाशी सुरू होतात. प्रश्न असा आहे, की तुम्ही पुण्यात बसून हे भांडण करायला गेलात तर काय होतं?

आधी हिशोब

बोनसच्या अटींमध्ये एक आकडा असतो, 'पट'. समजा, तो ३५ आहे आणि डिपॉझिट व बोनस अशा दोन्हींवर लागू आहे. तुम्ही हजार भरले, हजार बोनस मिळाला, झाले दोन हजार. त्याची पस्तीसपट म्हणजे ७० हजार. एवढ्या रकमेचे डाव खेळून झाल्याशिवाय पैसे काढता येत नाहीत.

आता कॅसिनोच्या प्रत्येक खेळात कॅसिनोचा वाटा आधीच ठरलेला असतो. तो शंभराला चार रुपये धरा. ७० हजारांच्या डावांवर सरासरी तोटा होतो २,८०० रुपये. तुमच्याकडे आहेत दोनच हजार! म्हणजे सरासरीने ५० हजारांच्या आसपासच खातं रिकामं होतं. एखादा नशीबवान पार होतोही. पण हजार रुपये 'फ्री' देणाऱ्यानं हे गणित तुमच्याआधी केलेलं असतं.

बाकीच्या अटीही बघा. स्लॉटवर लावलेले पैसे पूर्ण धरतात, पण ब्लॅकजॅकसारख्या खेळात लावलेल्या शंभरातले दहाच धरले जातात, कधी तेही नाहीत. बोनस चालू असताना एका डावात ठरावीक रकमेपेक्षा जास्त लावलं की जिंकलेलं सगळं रद्द होऊ शकतं. पट पूर्ण करायला सात किंवा तीस दिवसांची मुदत असते. बोनसमधून कितीही जिंकलात तरी काढायची कमाल रक्कम ठरलेली असते. आणि केवायसी? पैसे भरताना कुणी विचारत नाही, काढताना मात्र आधार, पॅन, सेल्फी सगळं मागतात.

गंमत म्हणजे मोठी रक्कम लावल्यावर बऱ्याच ठिकाणी स्क्रीन तुम्हाला अडवत नाही. डाव घेतला जातो. नियम मोडल्याचं तुम्हाला पैसे काढायला गेल्यावरच कळतं.

लंडनमध्ये दाद मिळते

ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार कायदेशीर आहे, त्यावर सरकारी नियंत्रणही आहे. तिथल्या स्पर्धा नियामकानं केलेल्या चौकशीनंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट या कंपन्यांनी लेखी कबूल केलं, की खेळणाऱ्याला स्वतःचे भरलेले पैसे कधीही काढता येतील. २०२५ मध्ये तिथल्या गॅम्बलिंग कमिशननं बोनसच्या पटीवर दहाची मर्यादा घालण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या उदाहरणातला आकडा ३५ होता, आठवतंय ना?

तिथे कोर्टातही जाता येतं. जानेवारी २०१८ मध्ये एका माणसानं बेटफ्रेडच्या ऑनलाइन ब्लॅकजॅकमध्ये सुमारे १७ लाख पौंड जिंकले. कंपनी म्हणाली, सॉफ्टवेअरमध्ये गडबड होती आणि अशा वेळी पैसे न देण्याची अट आमच्या टर्म्समध्ये आहे. एप्रिल २०२१ मध्ये हायकोर्टानं खेळणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. ज्या अटींवर कंपनी बोट ठेवत होती, त्या स्पष्टही नव्हत्या आणि ग्राहकाच्या नीट लक्षातही आणून दिलेल्या नव्हत्या, असं कोर्टाचं म्हणणं.

हे वाचून 'मग आपणही केस करू' असं वाटलं असेल, तर थांबा.

पुण्यात कुणाकडे जाणार?

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ३० सांगतं, की पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधीचा, १८६५ चा मुंबई इलाख्याचा कायदा आहे. पैजेला पूरक म्हणून केलेले करारही तो रद्दबातल ठरवतो. म्हणजे अटी कितीही अन्यायकारक असोत, जिंकलेले पैसे द्यायला लावा, असं कोर्टाला सांगायची सोयच नाही.

त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवायला त्यानं बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे. पण ड्रीम११ सारख्या इथल्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगेच बंद केल्या. परदेशातून चालणाऱ्या साइट्सच्या जाहिराती मात्र अजून दिसतात. अशा बऱ्याच साइट्स वेस्ट इंडीजजवळच्या कुरासाव बेटासारख्या ठिकाणचं लायसन्स दाखवतात. नोटीस पाठवायला त्यांचा इथे पत्ताच नाही.

आणि कधी कधी तर कॅसिनो म्हणून जे दिसतं, तेच खोटं असतं. जुलै २०२३ मधलं नागपूरचं प्रकरण आठवा. एका व्यापाऱ्याला गोंदियाच्या बुकीनं व्हॉट्सअॅपवर जुगाराच्या अकाउंटची लिंक दिली. व्यापाऱ्यानं दिलेले आठ लाख खात्यात दिसू लागले. सुरुवातीला तो सुमारे पाच कोटी जिंकला. मग तब्बल ५८ कोटी गमावले. पैसे परत मागितल्यावर नकार आला, तेव्हा प्रकरण सायबर पोलिसांकडे गेलं. पोलिसांनी गोंदियात छापा टाकून कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त केलं. सुरुवातीचं जिंकणं हाच इथला 'वेलकम बोनस' होता.

अडकला असाल तर

एक, अजून एक रुपयाही भरू नका. 'आधी टॅक्स भरा, मग रक्कम सोडतो' असा मेसेज आला तर तो सापळाच समजा. ऑनलाइन गेममधल्या कमाईवरचा ३० टक्के टीडीएस जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, वेगळा भरायला लावत नाहीत. 'फी घेऊन पैसे काढून देतो' म्हणणारे एजंटही त्यातलेच.

दोन, कोणाच्याही वैयक्तिक खात्यातून येणारे पैसे घेऊ नका. ते खातं सायबर फसवणुकीत सापडलेलं असेल, तर तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं. मग मेसचे आणि फीचे पैसेही अडकतात. 'महिनाभर अकाउंट वापरायला दे, पाच हजार देतो' ही ऑफर तर त्याहून घातक, कारण तेव्हा आरोपी तुम्ही होता.

तीन, स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, चॅट आणि लिंक जपून ठेवा. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. तिथे 'माझा बोनस द्यायला लावा' म्हणून उपयोग नाही. पैसे कसे, कुणाच्या खात्यात गेले आणि काय सांगून घेतले, ते सांगा. तक्रार फसवणुकीची असते, पैजेची नाही.

चार, घाबरू नका. २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तरीही बरेच जण गप्प बसतात, कारण घरी कळेल, मित्र हसतील. गेलेले पैसे भरून काढायला मग पुन्हा डिपॉझिट होतं, नंतर लोन अॅप येतं. रात्री झोप लागत नसेल तर १४४१६ या टेलीमानस हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं.

आणि कट्ट्यावरचा तो मित्र 'आठ हजार निघत नाहीयेत' म्हणाला, तर त्याला चिडवू नका. त्यानं स्वतःचे किती भरले ते विचारा आणि १९३० ला फोन करताना त्याच्या शेजारी बसा.