गळांची दोरी आणि मिशीवाला शिवडा

आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. आपण तिला गंगाच म्हणतो. या नदीत शिवडा आणि शिंगाळा असे मोठे मासे असतात. त्यांच्या अंगावर खवले नसतात, पण तोंडाला लांब मिशा असतात. शिवडा एक मीटरपेक्षाही मोठा होतो. तो कसा धरतात ते पाहू.

काठीच्या गळाला एका वेळी एकच मासा लागतो. म्हणून मोठ्या माशासाठी एक लांब, जाड दोरी घेतात. तिला थोड्या थोड्या अंतरावर बारक्या दोऱ्या बांधतात. प्रत्येकीच्या टोकाला एक गळ. दोन बारक्या दोऱ्या एकमेकींपर्यंत पोचू नयेत, एवढं अंतर ठेवतात. नाहीतर सगळा गुंता होतो! गळाला गांडूळ किंवा छोटा मासा लावतात. दोरीचं एक टोक काठावरच्या झाडाला बांधतात, दुसऱ्या टोकाला दगड. मधेमधे लहान दगड बांधले की दोरी तळाला बसते.

ही दोरी दिवस मावळताना टाकतात आणि पहाटे काढतात. असं का? कारण हे मासे रात्री तळाशी भक्ष्य शोधतात. अंधारात, गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडा. मग मिशाच कामाला येतात. मिशांना स्पर्श कळतो आणि चवही कळते! मासा घास गिळतो आणि गळ तोंडात रुततो. तो ओढाताण करून दमतो. शिंगाळा सोडवताना जपावं लागतं. त्याच्या परांत टोकदार काटे असतात, ते हातात घुसतात.

आता महत्त्वाची गोष्ट. पावसाळ्यात नदीला नवं पाणी येतं. तेव्हा शिवडा उथळ पाण्यात अंडी घालायला येतो. त्या वेळी गाभोळीची एक मादी धरली, तर हजारो पिल्लं जन्मायच्या आधीच गेली. शिवडा आता कमी होत चालला आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्याला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. आपल्या निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर तर पक्ष्यांचं अभयारण्य आहे. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथल्या पक्ष्यांनाही मासेच लागतात.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

१. पावसाळ्यात अंडी घालणारे मासे धरू नयेत.
२. लहान मासा लागला तर परत पाण्यात सोडावा.
३. तुटलेली दोरी नदीत टाकू नये. तिच्यात पक्षी आणि कासवं अडकतात.
४. गळ काठावर पडू देऊ नये. अनवाणी पायात रुततो.
५. मोठ्या माणसांशिवाय नदीत उतरू नये.

पालकांनाही विनंती, की घरी याबद्दल आमच्याशी बोलावं. आज मादी वाचली तर उद्या आपल्यालाही शिवडा पाहायला मिळेल.

सांगा पाहू : गळांची दोरी रात्रीच का टाकतात?